‘जाता जाता डोकावू’ म्हणण्यापूर्वी

कोकणात गाडी घेऊन जायचं ठरलं की घरात दोन याद्या तयार होतात. एक समुद्राची: हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, जमलं तर मालवण. दुसरी माणसांची: दापोलीची आत्या, रत्नागिरीचे मामा, कुडाळकडचं आजोळ आणि कुलदैवत. मग कोणीतरी दोन्ही याद्या एकाच नकाशावर टाकतं, ठिपके जोडतं आणि म्हणतं, ‘सगळं एका रेषेत तर आहे, चार दिवसांत आरामात होईल. आत्याकडे जाता जाता डोकावू.’ सहल बिघडते ती इथेच, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडे जायचं त्यांचं घर आधी ठरवावं, तिथे किंवा त्या गावाजवळ दोन रात्री राहावं, त्या घरापासून जेवढा समुद्र हाताशी येईल तेवढाच बघावा आणि उरलेला किनारा बिनदिक्कत पुढच्या खेपेवर टाकावा. हे ऐकायला कंजूसपणाचं वाटतं. पण कोकणचा भूगोल, समुद्राचं वेळापत्रक आणि आपल्या लोकांची पाहुणचाराची रीत, तिन्ही गोष्टी याच बाजूने साक्ष देतात.

आधी भूगोल. मुंबई-गोवा महामार्ग समुद्राच्या कडेने जातो, असा देशावरच्या बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तो महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवली असा आतून जातो आणि समुद्र त्याच्यापासून कुठे पंधरा, कुठे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांब राहतो. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या सह्याद्रीकडून पश्चिमेला धावतात आणि शेवटच्या टप्प्यात त्यांच्या रुंद खाड्या होतात. त्यामुळे रस्त्यांची ठेवण कंगव्यासारखी झाली आहे. महामार्ग म्हणजे कंगव्याची पाठ आणि समुद्राकडे उतरणारे रस्ते म्हणजे दाते. एका दात्याच्या टोकावरून शेजारच्या टोकावर जायचं तर एक तर पाठीपर्यंत मागे यायचं, नाहीतर मधली खाडी ओलांडायची. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे समोर दिसतं. फेरीबोटीत गाडी चढवली की काही मिनिटांत पलीकडे. पण बोट चुकली किंवा बंद असली, तर चिपळूणपर्यंत आत जाऊन पुन्हा गुहागरच्या वाटेने खाली उतरायचं, म्हणजे तीन-चार तास गेलेच. तवसाळ-जयगडला तेच, वेश्वी-बागमांडल्याला तेच. राजपुरीच्या खाडीवर दिघी आणि आगरदांडा यांच्यामध्ये जंगलजेटी चालते, तिथेही जोडून सुट्ट्या आल्या की गाड्यांची रांग धक्क्यापासून वर रस्त्यापर्यंत लागते. म्हणून दिवसाचे किलोमीटर मोजण्याआधी दिवसाच्या खाड्या मोजाव्यात. ज्या दिवशी दोन खाड्या ओलांडायच्या आहेत, त्या दिवशी कोणाच्याही घरी जेवायला येतो म्हणून सांगू नये.

मोबाइलवरचा नकाशा वेळ सांगतोच की, असं यावर कोणी म्हणेल. सांगतो, आणि महामार्गापुरती ती वेळ बरीचशी खरीही निघते, अर्थात चौपदरीकरण जिथे पुरं झालं आहे तिथे. हे काम २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळत गेलं, हे कोकणी माणसाला वेगळं सांगायला नको. किनाऱ्याच्या रस्त्यावर मात्र हिशेब फसतो. खाडीतून रस्ता चढतो तो जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर, सड्यावरून पुन्हा वळणं घेत उतरतो नारळी-पोफळीच्या वाडीत. वाडीत दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि मध्ये एका गाडीपुरती जागा. समोरून एसटी आली की कोणाला तरी मागे जावंच लागतं आणि एसटी मागे जात नाही. शहरात शिकलेला चालक अशा ठिकाणी दहा मिनिटं घामाघूम होतो, मागच्या सीटवरची मुलं तोवर उलटीला आलेली असतात. पाच माणसांच्या गाडीत एक आजी, एक लहान मूल आणि एक गाडी लागणारा असेल, तर नकाशाने दिलेल्या वेळेची दीडपट धरावी. पेट्रोल महामार्गावरच भरून घ्यावं.

आता समुद्र. डोंगर कधीही गेलं तरी जागेवर असतो. समुद्र तसा नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पायऱ्या उतरून खडकाच्या कपारीतून, लाटांनी कोरलेल्या कातळावरून जाते आणि ती ओहोटीलाच करायची असते. भरतीत तिथे पाऊल घालणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे माणसं ओढली गेली आहेत. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला नाही. हर्णैचा मासळीचा लिलाव दुपार कलल्यावर रंगतो, भलत्या वेळी गेलात तर रिकामा किनारा बघून परत याल. जून-जुलैत तर मासेमारीच बंद. जंजिऱ्याच्या आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात थांबतात. तेव्हा ‘जमेल तेव्हा पोचू’ हे धोरण इथे कामाचं नाही, आणि भरतीची वेळ काढणं फार अवघडही नाही. किनाऱ्यावरचे लोक ती तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि ओहोटी संध्याकाळी. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास बरा लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून गावात पोचल्यावर एखाद्या कोळ्याला विचारून खात्री करावी. पण घरी बसून, भिंतीवरचं कॅलेंडर पाहून, एवढ्यावर बरंच ठरवता येतं. सूर्यास्त आणि चालायला रुंद पुळण दोन्ही हवं असेल, तर पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या मागचे-पुढचे दोन दिवस धरावेत. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्य बुडताना पाणी सुरूच्या झाडांकडे सरकलेलं असेल आणि मोकळी वाळू मिळेल ती भर उन्हात. त्यातही पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जितकं लांब हटतं तितकंच जोरात परत येतं. ओल्या वाळूवर गाडी उतरवून फोटो काढणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एक गाडी चाकापर्यंत रुतते आणि गावकरी ट्रॅक्टर आणून ती ओढतात.

समुद्राचं निदान तिथीवरून कळतं, माणसांचं कळत नाही. डोकावणं म्हणजे अर्धा तास, अशी आपली समजूत असते. आत्याच्या घरी अर्ध्या तासाचं काही नसतं. पडवीत चपला काढल्या की पाणी येतं, मग कोकम सरबत, मग चहा. मग मागच्या दारची विहीर, नवी लावलेली कलमं, वाड्यात आलेलं वासरू. देवघरात नमस्कार. तोवर आतून तांदूळ निवडल्याचा आवाज येत असतो, आणि आपण घड्याळ पाहिलं की काका म्हणतात, ‘जेवल्याशिवाय जायचं नाही, भात टाकलाय.’ जेवण झाल्यावर सुनेची ओटी भरायची, ती गडबडीत भरत नाहीत. शेवटी डिकी उघडायला लावून तिच्यात सोललेले नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी. हे सगळं तीन तासांच्या आत होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही करू नये. त्या घरात आता दोनच म्हातारी माणसं राहतात, मुलं मुंबईला किंवा पुण्याला, आणि कोणी येणार म्हटल्यावर दोन दिवस आधीपासून तयारी सुरू झालेली असते. अशा घरी गाडीचं इंजीन चालू ठेवल्यासारखं बसायचं, मनात पाच वाजताची फेरीबोट, हे त्यांना कळतं. ते बोलत नाहीत, पण पुढच्या लग्नात तुमच्या आईला ऐकवतात.

दोन्ही वेळापत्रकं एकाच दिवसात कोंबली की दोन्ही मोडतात, म्हणून दिवस वाटून द्यावेत. पुण्याहून निघणारं, दापोलीला आत्या आणि रत्नागिरीला मामा असलेलं कुटुंब घ्या. ताम्हिणीने माणगाव, तिथून महामार्गाने खेड आणि दापोली, हा पहिला दिवस संपला. दोन रात्री दापोलीत. मधल्या पूर्ण दिवसात सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दुपारी आत्याकडे जेवण आणि गप्पा, ऊन उतरल्यावर हर्णैचा लिलाव. तिसरा दिवस निव्वळ किनाऱ्याचा: दाभोळहून धोपावे, गुहागरला थांबून तवसाळला, पलीकडे जयगड, गणपतीपुळे करून आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. या दिवशी दोन खाड्या आहेत, म्हणून एकही नातेवाईक नाही. जेवण गुहागरच्या एखाद्या खानावळीत. चौथा दिवस मामांचा, पाचव्या दिवशी आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे परत. मालवण या आखणीत नाही. ज्यांना मालवण हवंच आहे त्यांनी दापोली सोडावी. दोन्ही धरायचा हट्ट केला, तर सहलीचा निम्मा वेळ महामार्गावर आणि धक्क्यांवरच्या रांगांत जातो.

यावर सर्वांत खरा आक्षेप रजेचा आहे: वर्षातून एकदा चार दिवस मिळतात, कोकणात पुन्हा कधी येणार? माझ्या मते हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. ज्याच्याकडे दिवस कमी आहेत त्यालाच ते गाडीत घालवणं परवडत नाही. दुसरा आक्षेप मानापमानाचा. एकीकडे दोन रात्री राहिलात आणि दुसरीकडे गेलातच नाही, तर रुसवे होतात. होतात खरे. पण वीस मिनिटं बसून, चहा अर्धा टाकून उठलेला पाहुणा जास्त खटकतो. ज्यांच्याकडे जाणार नाही त्यांना आधीच फोन करून सांगावं, ‘या खेपेला फक्त दापोली, पुढच्या खेपेला खास तुमच्याकडे’, आणि पुढच्या खेपेला ते पाळावं. न सांगता गेलात तरी बातमी पोचतेच, कोकणात ती गाडीच्या आधी पोचते. तिसरा आक्षेप वजनदार आहे: दोन रात्री पाच-सहा माणसांनी सत्तरीतल्या आत्याकडे राहायचं, म्हणजे तिच्यावर केवढं ओझं! हे मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच सुरुवातीला ‘तिथे किंवा त्या गावाजवळ’ असं म्हटलं. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत आता घरगुती राहण्याची सोय मिळते. झोपायला तिथे, आत्याकडे एक वेळचं निवांत जेवण, आणि मासे आपणच आणून, साफ करून, तिच्या स्वयंपाकघरात स्वतः उभं राहायचं. आत्या आधी नको म्हणेल, मग मसाल्याचा डबा पुढे करेल.

चौथं म्हणणं पुलांचं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर खाड्यांवरच्या पुलांची कामं निघाली आहेत. ते झाले की कंगव्याचे दाते टोकाला जोडले जातील आणि फेरीबोटीची रांग इतिहासजमा होईल, मग एवढा आटापिटा कशाला? पूल झाले तर आनंदच आहे. त्याने एका दिवसात खाड्या जास्त ओलांडता येतील. भरती मात्र तिथीप्रमाणेच येईल आणि आत्याचा भात तेवढाच वेळ घेईल. उलट रस्ता सोपा झाला की ठिपके जोडण्याचा मोह वाढतो, हे गर्दीच्या दिवसांतला किनारा बघून कोणीही सांगेल.

हंगामाचा विचारही समुद्रापेक्षा घराकडून करावा. पाहुण्यांना मे महिना आवडतो, आंबे आणि सुट्ट्या दोन्ही मिळतात. पण आंबा बागायतदाराच्या घरात ते दिवस पेट्या भरण्याचे असतात, अंगणात गवत पसरलेलं, गडी जेवायला, फोन सारखा वाजत. तिथे पाहुणा म्हणून गेलात तर पेटीला हात लावायची तयारी ठेवून जा. गणपतीत आणि शिमग्यात घर आधीच माणसांनी भरलेलं असतं; तेव्हा त्या सणासाठी म्हणून जावं, किनारा बघायचं मनात आणू नये. निवांत भेटीला डिसेंबर-जानेवारी उत्तम, फक्त सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून जेवणं लांबवून चालत नाही. आणि आधी घर की आधी समुद्र, हा वाद घरोघर होतो, त्यात मी घराच्या बाजूने आहे: बरोबरचे आजी-आजोबा पहिल्या दोन दिवसांत ताजे असतात, कपडे धड असतात, मुलांच्या केसांत वाळू नसते. अडचण एकच, मिळालेले नारळ आणि आमसुलं पुढचे तीन दिवस डिकीत फिरतात. आंब्याची पेटी असेल तर मात्र क्रम उलटा करावा, कारण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत आंबा तीन दिवस टिकत नाही.