रात्रपाळी लागली तर

बाबू, जयगडच्या वीज प्रकल्पात तुला थर्ड शिफ्ट लावली म्हणून तुझी आई देव पाण्यात घालून बसली आहे. तिला सांग, 300 मेगावॅटचे चार संच म्हणजे संध्याकाळी कुलूप लावून निघायचं दुकान नव्हे. मोठा बॉयलर एकदा थंड पडला की पुन्हा वाफ धरायला तासन् तास जातात. तो पेटता ठेवायला कोणीतरी जागं राहणारच. मीही मिरजोळ्याच्या एमआयडीसीत बॉयलरवर नोकरी काढली, म्हणून सांगतो. पटेल ते घे.

आधी शिफ्ट इन्चार्जला दोन गोष्टी विचार, आणि लाजू नकोस. सलग किती रात्री, आणि पाळी कुठल्या दिशेने फिरते? फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड अशी पुढे सरकत गेली तर अंग निभावून नेतं. झोप उशिरा ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जमत नाही. थर्डवरून उलटी सेकंड, मग फर्स्ट असं वेळापत्रक असेल तर चार जण मिळून बदलून मागा. एकट्याने मागितलंस तर आळशी ठरशील.

साप्ताहिक सुट्टीचा हिशेबही नीट समजून घे. रविवारी सकाळी सहाला सुटलास आणि त्याच रात्री दहाला परत बोलावलं, तर ती सुट्टी नव्हे. तारखेत रविवार दिसतो एवढंच. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर सुट्टी म्हणजे पाळी संपल्यापासून सलग 24 तास. 1948 च्या कारखाने अधिनियमात यासाठी 57 वं कलमच होतं, आणि नव्या कामगार संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. भांडायला जाऊ नकोस, पण माहीत असू दे. माहीत असलेल्या माणसाशी इन्चार्जही जरा जपून बोलतो.

आता मुख्य गोष्ट. रात्रपाळी निभते ती दुपारच्या झोपेवर. तुम्ही पोरं हिमतीच्या गप्पा मारता, पण दिवसा जो झोपला नाही त्याची हिंमत पहाटे चारला उतरते. वरच्या स्लॅबच्या खोलीत झोपायला जाऊ नकोस, दहा वाजता ती भट्टी होते. माजघरात झोप. आपल्या जुन्या घराला खिडकी नसलेलं ते माजघर का ठेवलंय, ते मे महिन्यात कळतं: काळोख, गारवा, आणि मासेवालीची हाक पडवीतच अडते. काम सुटल्यावर घरी येताना काळा चष्मा लाव. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. सकाळचं ऊन डोळ्यात गेलं की शरीर समजतं दिवस उजाडला, मग कितीही कूस बदल. शरीराच्या या घड्याळाचं गणित उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल मिळालं. आम्हाला ते घड्याळ बिननोबेलाचंच छळत होतं.

घरी आल्यावर मऊभात किंवा पेज, वर मेतकूट, आणि लगेच आडवा हो. ‘एवढं बँकेचं काम करतो नि मग झोपतो’ म्हणालास की गेली झोप. कालनिर्णयवर महिन्याच्या पाळ्या लाल पेनाने लिहून ठेव, म्हणजे गॅसवाला कधी बोलवायचा, मिक्सर कधी लावायचा, हे घरात कोणी विचारायला येणार नाही. वाडीतल्या लोकांना मात्र दिवसा झोपलेला माणूस हा रिकामा माणूस वाटतो. त्यांना हाक मारायला बंदी कर, त्यात उद्धटपणा नाही.

पहाटे तीन ते पाच हे दोन तास वैऱ्याचे. अंगाची ऊब सगळ्यात खाली जाते, थंडी वाजते, गेज ग्लासकडे बघत असतोस आणि पाण्याची पातळी दिसत नसते. आमच्या सेफ्टीच्या वर्गात मोठ्या अपघातांच्या वेळा सांगायचे: थ्री माईल आयलंड 1979, पहाटे चार. भोपाळ 1984, मध्यरात्रीनंतर. चेर्नोबिल 1986, रात्री दीडच्या आत. कारणं निरनिराळी होती, पण वेळा बघ. म्हणून रीडिंग घेण्याचं काम तेव्हा बसून नको, उठून फेरी मार, आणि आकडा मोठ्याने बोलून मगच लॉगबुकात लिही. जोडीदार हसला तर हसू दे. शेवटचा चहा दोनच्या आत. चारला घेतलेला चहा नऊ वाजता माजघरात तुझ्या उशाशी येऊन बसतो. डब्यात वडे, मटण नको. पोळी-भाजी, केळं, पुरे.

सुटल्यावर लगेच गाडीला किक मारू नकोस. घाटीची वळणं नि खाडीवरून येणारा गार वारा, त्यात डुलकी कधी लागते ते कळत नाही. रेस्ट रूममध्ये वीस मिनिटं डोळे मीट, नाहीतर कंपनीची बस धर. पाळीपेक्षा हा घरी येतानाचा रस्ता मला जास्त भीतीचा वाटतो.

भत्त्याच्या लोभाने दुसऱ्यांच्या रात्री विकत घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 मध्ये रात्रपाळीच्या कामाला बहुधा कर्करोगकारक गटात टाकलं. त्याने घाबरायचं नाही, हौसेने वाढवायचं नाही इतकंच. आपल्या घराण्यात साखर आहे, ती वर्षातून एकदा तपासून घे. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्या वेळा डॉक्टरांनाच विचार, मनाने सकाळची रात्री करू नकोस.

आणि गणपती. भाद्रपदात सगळ्या कोकणाला एकाच वेळी सुट्टी हवी असते, मग पाळी कोण भरणार? जूनमध्येच मुसलमान जोडीदाराशी बोलून ठेव: गणपतीच्या रात्री त्याने घ्यायच्या, ईदच्या तू. आमच्याकडे हे वर्षानुवर्षं चाललं, आणि शिमग्यालाही असंच. फक्त अदलाबदल तोंडी ठेवू नकोस. रजिस्टरवर तुझी सही, त्याची सही, आणि खाली इन्चार्जची.