पोर्ट घासला की ताकद वाढते का?

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या काळातली प्रिया स्कूटर आहे, साताऱ्याच्या कारखान्यात बनलेली. आमचे मिस्त्री म्हणतात, हिच्या इंजिनाला रोटरी व्हॉल्व्ह आहे, इनटेक पोर्ट थोडा घासला तर गाडी पळायला लागेल. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, जपानच्या माझदाच्या रोटरी इंजिनाचे पोर्टही असेच घासतात आणि ताकद खूप वाढते. ही दोन्ही इंजिनं एकाच जातीची का? आणि नुसतं भोक मोठं केल्यानं ताकद येते कुठून?
— एक वाचक, कराड

उत्तर : मिस्त्रींचं बरोबर आहे आणि मुलाचंही, पण दोघं दोन निराळ्या इंजिनांबद्दल बोलताहेत.

बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यातून प्रिया बाहेर पडू लागली. प्रियाचं १५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन इटलीच्या वेस्पाच्या घराण्यातलं. त्यात पिस्टन चारचौघांसारखाच वरखाली होतो. वेगळेपण आहे ते मिश्रण आत येण्याच्या वाटेत. कार्बोरेटरखाली क्रँककेसच्या भिंतीत एक लांबट खाच असते आणि क्रँकची जाड चकती त्या खाचेला जवळजवळ चिकटून फिरते. मधलं अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकंच. चकतीचा एक भाग कापलेला असतो. तो खाचेसमोर आला की वाट उघडते, भरीव भाग आला की बंद होते. मिस्त्रींचा रोटरी व्हॉल्व्ह तो हाच.

माझदाच्या इंजिनात पिस्टनच नाही. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेलं हे इंजिन एनएसयू कंपनीनं १९६४ मध्ये मोटारीत बसवलं आणि माझदानं १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट या गाडीत. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि घराची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता लहानमोठा होतो आणि त्यातच मिश्रण ओढणं, दाबणं, पेटणं, धूर बाहेर टाकणं ही चारही कामं उरकतात. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात.

आता दोघांतलं साम्य पाहा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. या दोन्ही इंजिनांत स्प्रिंगवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. भिंतीतली भोकं फिरणाऱ्या धातूच्या कडेनं झाकली जातात किंवा उघडी पडतात. फोर-स्ट्रोक मोटारसायकलचा पोर्ट घासला, तर वाट रुंद किंवा गुळगुळीत होते. ती कधी उघडायची आणि कधी मिटायची हे कॅमच ठरवत राहतो. इथे मात्र भोकाची कड हीच घड्याळ आहे. कड दोन मिलिमीटर सरकवली की उघडण्या-मिटण्याची वेळ सरकली. म्हणून या इंजिनांत पोर्ट घासण्याचा परिणाम एवढा ठळक दिसतो, आणि चुकीचाही तेवढाच ठळक.

ताकद भोकातून येत नाही, हवेतून येते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा ग्रॅम हवा लागते. एका मिनिटात जितकी जास्त हवा आत जाऊन जळेल, तितकं काम जास्त. अडचण वेळेची असते. ५,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १२ मिलिसेकंदांत होतो. खाच १६० अंशांपर्यंत उघडी राहते असं धरलं, तर आत यायला मिश्रणाला जेमतेम ५.३ मिलिसेकंद मिळतात. वेग वाढवाल तसा हा वेळ आणखी आटतो आणि एका टप्प्यानंतर इंजिनाचा श्वास अपुरा पडतो. पोर्ट लांबवला म्हणजे त्याला श्वास घ्यायला थोडा जास्त वेळ मिळाला.

मग कंपनीनंच तो लांब का नाही ठेवला? कारण उशिरा मिटणारं दार सगळ्या वेळी फायद्याचं नसतं. एसटीचं उदाहरण घ्या. बाजाराच्या दिवशी कंडक्टरनं घंटी मारायला उशीर केला, तर मागून रेटा असल्यानं आणखी चार माणसं आत येतात. एरवी तुरळक प्रवासी असताना तसाच उशीर केला, तर आत बसलेलेही वैतागून उतरतात. इंजिन जोरात फिरत असताना आत शिरणाऱ्या मिश्रणाला स्वतःचा रेटा असतो. पिस्टन खाली परतू लागला तरी ते आत येतच राहतं. हळू फिरत असताना तो रेटा नसतो. मग खाली येणारा पिस्टन तेच मिश्रण उघड्या खाचेतून उलट कार्बोरेटरकडे ढकलतो. एअर फिल्टर पेट्रोलनं ओला होतो, एव्हरेज घसरतं, आयडलला गाडी अडखळते आणि चढावर ओढत नाही.

म्हणजे पोर्ट घासल्यानं ताकद नुसती वाढत नाही, ती खालच्या वेगाकडून वरच्या वेगाकडे सरकते. सांगली-मिरज सपाट रस्त्यावर एकट्यानं जाणाऱ्याला हा सौदा गोड वाटेल. तीच स्कूटर मागे माणूस बसवून वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला काढा, किंवा साताऱ्याहून यवतेश्वरच्या चढानं कासला न्या. तिथे कामाला येते ती तळातली ओढ, आणि घासलेल्या पोर्टनं नेमकी तीच खाल्लेली असते.

माझदाच्या रोटरीत या कामाच्या तीन पायऱ्या रुळलेल्या आहेत. या इंजिनाचे इनटेक पोर्ट बाजूच्या सपाट प्लेटमध्ये असतात. पहिली पायरी, म्हणजे स्ट्रीट पोर्ट, भोक आहे तिथेच बेतानं वाढवण्याची. तिला सीलांची मर्यादा असते. रोटरच्या बाजूचे आणि कोपऱ्याचे सील त्या प्लेटवरून सरकत जातात. भोक त्यांच्या वाटेत फार शिरलं तर सीलाला खालून आधार राहत नाही आणि तो भोकात अडकून तुटतो. आतल्या बाजूला ऑइल सीलची वाट असते, तिकडेही जाता येत नाही. दुसरी पायरी ब्रिज पोर्टची. मूळ भोकाच्या बाहेर आणखी एक चीर कापतात आणि दोन्हींच्या मध्ये धातूची पट्टी पुलासारखी शिल्लक ठेवतात, म्हणजे कोपऱ्याचा सील तिच्यावरून पार होतो. उघडं राहण्याचा काळ खूप वाढतो, पण सील लवकर झिजतात आणि तो पूल तडकण्याची भीती असते. तिसरी पायरी पेरिफेरल पोर्टची. यात बाजूची भोकं बुजवून थेट रोटरच्या घराच्या भिंतीलाच भोक पाडतात. हवेला सरळ वाट मिळते. मात्र धूर बाहेर जाण्याची आणि हवा आत येण्याची वेळ एकमेकींत खूप मिसळते, त्यामुळे हळू वेगात इंजिन दणके देत चालतं. एनएसयूनं आपल्या गाड्यांत असेच पोर्ट ठेवले होते. माझदानं रस्त्यावरच्या गाडीला गुळगुळीत चाल हवी म्हणून बाजूचे पोर्ट पसंत केले.

या पेचावर माझदानं स्वतः काढलेले तोडगे पाहण्यासारखे आहेत. १९८० च्या दशकात तिनं सहा पोर्टांची रचना आणली : चार नेहमीचे आणि दोन जादाचे, जे इंजिन वरच्या वेगात गेल्यावरच उघडत. पुढे २००३ च्या आरएक्स-८ मध्ये १,३०८ सीसीच्या इंजिनातून टर्बोशिवाय २५० अश्वशक्ती निघाली, तीही ८,५०० आरपीएमला; त्यातही जादाचे पोर्ट होतेच. १९९१ साली फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीत चार रोटरचं, सुमारे ७०० अश्वशक्तीचं पेरिफेरल पोर्टचं इंजिन होतं. नुसत्या मोठ्या पोर्टवर तिचंही भागलं नाही. मधल्या वेगातली ओढ परत मिळवायला हवा आत नेणाऱ्या नळ्यांची लांबी धावता धावता बदलण्याची यंत्रणा बसवावी लागली.

मुलाला आणखी एक सांगा : वांकेल इंजिनावर आपल्या महाराष्ट्रातही काम झालं आहे. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांसोबत ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन घडवलं आणि २००९ साली ‘निशांत’ हे मानवरहित विमान त्यावर उडालं. पंखा फिरवणारं इंजिन बराच काळ ठरावीक वेगाच्या आसपास चालतं. सिग्नलला थांबणं, घाटात दुसऱ्या गिअरला रेंगाळणं त्याच्या नशिबी नसतं. म्हणून मोठ्या पोर्टचे तोटे अशा कामात फारसे बोचत नाहीत.

आता तुमच्या प्रियाकडे. तिचा क्रँककेस घासण्याआधी हरवलेली ताकद शोधा. जुन्या स्कूटरचा एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर कार्बननं भरतो. सायलेन्सर जाळून साफ केला की पुष्कळदा पिकअप परत येतो. कॉम्प्रेशन तपासा, क्रँकचे ऑइल सील बदला, पॉइंट आणि टायमिंग बघा. क्रँककेस उघडाच, तर चकती जिथून फिरते त्या भागावर चरे पडलेत का ते पाहा. बेअरिंगचा चुरा तिथे अडकला की खोल रेघा पडतात आणि व्हॉल्व्ह गळतो. अशा क्रँककेसमध्ये पोर्ट कितीही सुंदर घासला तरी उपयोग नाही. सगळं ठीक असून घासायचंच असेल, तर कारखान्यातून आलेल्या भोकाच्या खरबरीत कडा आणि जोडावरची पायरी तेवढी सपाट करा. लांबी वाढवू नका. काढलेली धातू परत बसत नाही आणि तुमच्या गाडीचा क्रँककेस आता सहज मिळणारा नाही.

प्रश्न : माझ्या यामाहा आरएक्स १०० ला हाच नियम लागू होतो का?
— एक वाचक, विटा

उत्तर : अर्धाच. या गाडीला रीड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे पातळ पात्यांची एकमार्गी झडप. मिश्रण उलटं यायला लागलं की ती आपोआप मिटते, त्यामुळे इनटेक वाढवल्याचा तोटा प्रियाइतका होत नाही. म्हणूनच या गाडीवर काम करणारे बहुतेक कारागीर एक्झॉस्ट पोर्टला हात घालतात. तो वर नेला की वरच्या वेगातली ताकद वाढते आणि खालची तितकीच मरते. रुंदीलाही हद्द आहे. सर्वसाधारण आडाखा असा, की एकसंध एक्झॉस्ट पोर्ट बोअरच्या ६५ ते ७० टक्क्यांपेक्षा रुंद नसावा. आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर, म्हणजे ३५ च्या पुढे गेलात की रिंग पोर्टमध्ये फुगून अडकण्याचा धोका. कडा नीट गोल करून घ्यायला विसरू नका. नुसत्या धारदार कडेनंही रिंग तुटते आणि ब्लॉक जातो.

प्रश्न : पोर्ट घासलेली गाडी रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आतला पोर्ट बाहेरून दिसत नाही हे खरं, पण पीयूसी तपासणीत धूर बोलतो आणि अपघातानंतर विमा कंपनीही प्रश्न विचारू शकते. बंद ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी वेगळी गाडी ठेवणं उत्तम.

प्रश्न : शेतावरच्या डिझेल इंजिनाचा इनटेक पोर्ट मोठा केला तर पाणी जास्त येईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : येणार नाही. आपल्या भागाला या यंत्रांची ओळख जुनी आहे. सांगली जिल्ह्यात कुंडल रोडच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे पंपांसाठी नावाजली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये साताऱ्यात काढलेल्या कारखान्याला १९३३ साली देशातलं पहिलं डिझेल इंजिन बनवल्याचं श्रेय दिलं जातं. अशा इंजिनाला गव्हर्नर असतो. तो इंजिनाचा वेग ठरावीक आरपीएमला बांधून ठेवतो, आणि पंप किती पाणी देणार हे त्या वेगावर ठरतं. गव्हर्नर मोडून वेग १० टक्क्यांनी वाढवलात, तर पाणी ढोबळमानानं १० टक्के वाढेल, पण त्यासाठी ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागेल; डिझेल आणि झीज त्याच मापानं. पाणी कमी येत असेल तर सक्शन पाइपची गळती, फूट व्हॉल्व्ह आणि पंपाचा इंपेलर बघा. एकाच वेगाला बांधलेल्या इंजिनाचा पोर्ट कारखान्यानं त्या वेगाला बेतूनच ठेवलेला असतो, तिथे कानस चालवून मिळवण्यासारखं काही उरत नाही.