लॅपटॉप उठला, वायफाय झोपलेलंच

यवतमाळ जिल्ह्यात लाइन गेली की झाकण मिटून बॅटरी वाचवायची, ही लॅपटॉपवाल्यांची सवयच. लाइन आल्यावर झाकण उघडलं तर लिनक्स जागं होतं, महाडीबीटीवरचा अर्धवट अर्ज समोर असतो, पण वायफाय नसतं. रीस्टार्ट केलं तर वायफाय येईल, अर्ज मात्र जाईल. म्हणून तो उपाय शेवटचा.

आधी राउटर बघा. लाइनीबरोबर तोही बंद पडलेला असतो आणि पुन्हा उभा राहायला मिनिटं घेतो. घाटंजी किंवा झरी जामणीकडच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर फोन तपासा. बराच वेळ कोणी जोडलेलं नसलं की अनेक फोन हॉटस्पॉट आपोआप बंद करतात. असं असेल तर लॅपटॉपचा काही दोष नाही.

इथून पुढे टर्मिनल. आज्ञा उच्चाराप्रमाणे देतोय, टाइप रोमनमध्ये करा. ‘आरएफकिल लिस्ट’ म्हणा. सॉफ्ट ब्लॉक्डपुढे ‘येस’ दिसलं तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’. हार्ड ब्लॉक्ड असेल तर आज्ञेने भागत नाही, कीबोर्डवरचं किंवा कडेचं बटण शोधा.

ते ठीक असेल तर ‘एनएमसीएलआय रेडिओ वायफाय ऑफ’, मग त्याच आज्ञेच्या शेवटी ‘ऑफ’ऐवजी ‘ऑन’. तरीही नाही? ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट नेटवर्कमॅनेजर’. ‘नेटवर्क’चा एन आणि ‘मॅनेजर’चा एम मोठेच हवेत.

‘एनएमसीएलआय डिव्हाइस’च्या यादीत वायफायचं नावच नसेल, तर दुखणं ड्रायव्हरचं. सस्पेंडमध्ये मेमरी जागी राहते. कार्डाची वीज बहुधा तोडली जाते, आणि उठल्यावर ड्रायव्हरला त्यात फर्मवेअर नव्याने भरावं लागतं. तिथे बिनसतं. ‘एलएसपीसीआय’ला ‘-के’ जोडून ड्रायव्हरचं नाव काढा. बऱ्याच इंटेल कार्डांना ‘सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय’ आणि लगेच ‘सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय’ पुरतं. यूएसबी डोंगल असेल तर एवढं कशाला, काढून परत लावा.

ड्रायव्हर काढून-घालून काम झालं आणि दरवेळी तेच करावं लागत असेल, तरच ते आपोआप होऊ द्या. ‘यूएसआर’मधल्या ‘लिब’मध्ये ‘सिस्टमडी’ आणि त्यात ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डर असतं. तिथे छोटी शेल स्क्रिप्ट ठेवा: तिला पहिला शब्द (आर्ग्युमेंट) ‘प्री’ आला तर ड्रायव्हर काढायचा, ‘पोस्ट’ आला तर घालायचा. ‘सीएचमॉड +एक्स’ विसरू नका. त्याशिवाय ती चालतच नाही. सुडो लिहायची गरज नाही, ती रूटच्याच अधिकाराने चालते.

फ्रीबीएसडीवाल्यांना ‘सर्व्हिस नेटिफ रीस्टार्ट’ करून पाहता येईल. ओपनबीएसडीत एपीएमडी चालू असेल तर ‘इटीसी’मधल्या ‘एपीएम’ फोल्डरातली ‘रिझ्यूम’ नावाची स्क्रिप्ट लॅपटॉप उठल्यावर आपोआप चालते.

कर्नल अपडेट झालं की स्क्रिप्ट बाजूला काढून एकदा झाकण मिटून बघा. दोष मुळातच दुरुस्त झालेला असू शकतो.