गाडी का बसते? – 'पद्मिनी'च्या सस्पेन्शनची उंची

'सस्पेन्शन' हा शब्द हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर दिसला की पोटात गोळा येतो. पण आजचा विषय तो नाही, तेव्हा रेक्टर सरांनीही निर्धास्त वाचावं! विषय आहे जुन्या छोट्या गाडीच्या सस्पेन्शनचा, आणि त्यातही एकाच प्रश्नाचा: गाडी एका बाजूला बसली तर तिची उंची परत कशी आणायची?

गाडी घेऊया आपल्या सगळ्यांच्या ओळखीची, प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बनवली, तीच पुढे १९७० च्या दशकात 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ड्राइव्ह आणि वजन सुमारे ९०० किलो. २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण घराघरांत जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. आमच्या रामवाडीत (पेण) शेजारच्या काकांकडे एक आहे. या लेखातली मापं तिचीच.

आधी रचना बघू. पद्मिनीला पुढे दोन्ही बाजूंना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले 'पाटे'. रामवाडीत एस.टी.चं विभागीय कार्यालय असल्यामुळे 'पाटा तुटला' हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. 'लीफ स्प्रिंग' हे त्याचं इंग्रजी नाव मला मात्र कॉलेजात आल्यावर कळलं!

आता एक गैरसमज. गाडी बसली की लोक म्हणतात, "शॉकअप गेले." पण तेलाचा साधा शॉक अ‍ॅब्झॉर्बर गाडीचं वजन पेलतच नाही. तो फक्त स्प्रिंगची उसळी थांबवतो. वजन पेलते स्प्रिंग, म्हणून उंचीही ठरवते स्प्रिंगच. नवे शॉकअप टाकून गाडी उचलली जाईल ही आशा सोडा.

दुसरी गोष्ट, सगळ्या गाड्यांत उंची 'अ‍ॅडजस्ट' करता येत नाही. अ‍ॅम्बॅसॅडरला पुढे टॉर्शन बार होता. त्याच्या टोकाची जागा बदलून उंची थोडी कमी-जास्त करता यायची. इंग्लंडच्या जुन्या मिनीत स्प्रिंगच्या जागी रबराचे कोन असत. त्यासाठी स्क्रूने लांबी बदलणारे भाग बाजारात मिळतात. पद्मिनीत असा कुठलाच स्क्रू नाही. तिथे उंची 'लावायची' नसते, बिघडलेली उंची 'परत आणायची' असते. त्यामुळे पहिला प्रश्न 'किती उचलू?' हा नाही, 'का बसली?' हा आहे.

मोजायचं कसं? सपाट जागा शोधा. अंगण सपाट दिसतं, पण असतंच असं नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी तपासा. चारही टायरमध्ये सांगितलेली हवा भरा, डिकी रिकामी करा, गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकला आणि चारही कोपरे दाबून सोडा, म्हणजे अडकलेलं सस्पेन्शन मोकळं होईल. मग चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्या. जमिनीपासून घेतलं तर टायरची झीजही त्यात मिसळते. मडगार्डचं पत्राकाम झालेलं असेल तर फसाल, म्हणून चेसिसच्या एका ठरावीक बिंदूपासूनही दोन्ही बाजूंची तुलना करा.

काकांच्या गाडीत उजवीकडे पुढचं माप १४ मिमीने कमी आणि मागचं २२ मिमीने कमी आलं. एका गॅरेजवाल्याचं मत पडलं, "पुढच्या स्प्रिंगवर पॅकिंग टाकू, सरळ होईल." सरळ दिसली असती, हे खरंच. का, ते गणितात बघा.

समजा कॉइल स्प्रिंगचा कडकपणा ६० न्यूटन प्रति मिमी आहे (आकडा उदाहरणासाठी) आणि ती खालच्या विशबोनच्या मधोमध बसते. म्हणजे चाक २ मिमी हललं की स्प्रिंग १ मिमी दबते. हे गुणोत्तर ०.५. चाकाशी जाणवणारा कडकपणा येतो गुणोत्तराच्या वर्गाने: ६० × ०.२५ = १५ न्यूटन प्रति मिमी. म्हणजे त्या चाकावर ३० किलो (सुमारे ३०० न्यूटन) जास्त भार आला तर गाडी २० मिमी बसेल. आणि स्प्रिंगवर १० मिमीचं पॅकिंग टाकलं तर तो कोपरा तेवढाच, २० मिमीपर्यंत उचलू पाहील. छोट्या वॉशरची किमया!

पण गाडी हे चार पायांचं टेबल आहे. एका पायाखाली पुठ्ठा घातला की त्या पायावर आणि तिरक्या समोरच्या पायावर भार वाढतो, उरलेल्या दोघांवरचा कमी होतो. पुढे उजवीकडे पॅकिंग टाकलं की पुढचं डावं चाक हलकं होतं. पावसात महामार्गावर जोरात ब्रेक दाबला की हे हलकं चाक आधी लॉक होणार आणि गाडी एका बाजूला ओढणार. डोळ्यांना सरळ दिसणारी गाडी ब्रेकला वाकडी!

मग दोषी कोण हे शोधायचं कसं? यासाठी एक सोपी युक्ती आहे. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि मागचा अ‍ॅक्सल डिफरन्शियलच्या बरोबर मधोमध जॅकवर थोडा उचला. आता मागचा भाग एकाच बिंदूवर टेकलाय, म्हणजे गाडीचा कल फक्त पुढच्या स्प्रिंगा ठरवतात. कल गेला तर दोष मागे, राहिला तर पुढे. (हे करताना गाडीखाली जायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली शिरायचं तर घोडी लावल्यावरच.) काकांच्या गाडीचा पुढचा कल जवळजवळ गेला. मागचा उजवा पाटा उतरवला तेव्हा दुसऱ्या नंबरचं पान सेंटर बोल्टपाशी तुटलेलं निघालं. पुढची स्प्रिंग निर्दोष होती!

पाटे दुरुस्त करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंचं काम एकदमच करा. नुसती हातोड्याने ठोकून आणलेली कमान फार टिकत नाही, नीट उष्णतासंस्कार हवेत. आणि शॅकलच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढची स्प्रिंग खरोखर बसली असेल तर जोडीने बदला. गॅसने कापून गाडी 'लो' करणं हा तर शुद्ध आत्मघात. आठातला एक वेढा कापला की कडकपणा ८/७ पट, म्हणजे सुमारे १४ टक्के वाढतो. वर उष्णतेने पोलादाचं टेंपर जातं. आणि कॉइल काढायची असेल तर स्प्रिंग कंप्रेसर आणि अनुभवी मेकॅनिक, दोन्ही पाहिजेत. वरच्याच उदाहरणात चाकावर २०० किलो भार धरला तर स्प्रिंगमध्ये दुप्पट, ४०० किलोचा जोर असतो. ती सुमारे ६७ मिमी दबलेली असते आणि साठलेली ऊर्जा होते साधारण १३४ ज्यूल. म्हणजे साडेतेरा किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडावं तसं!

उंची बदलली की काम संपत नाही. टो-इन, कॅम्बर, हेडलाइटचा रोख, ब्रेकच्या होजची लांबी, मागे प्रोपेलर शाफ्टचा कोन, हे सगळं पुन्हा तपासावं लागतं, कारण ही सगळी मापं उंचीवरच उभी आहेत.

'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पेपरात आपण स्प्रिंगची गणितं पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एक टेप घ्या आणि दारातल्या गाडीची चार मापं लिहून ठेवा. गाडी नवी असली तरी चालेल. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. फरक दिसला तर पॅकिंग मागू नका, कारण विचारा.