बॅटरी जोडताय? आधी बांगडी काढा

ताई, तारापूरला १९६९ पासून वीज बनते, तरी पावसाळ्यात आपली लाइट जातेच. म्हणून घरोघरी इन्व्हर्टर. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण पाना किंवा धातूची बांगडी दोन्ही टर्मिनलना एकदम टेकली की शेकडो अँपिअर करंट धावतो. बांगडी लालबुंद होते, मनगट भाजतं. चार्जिंगमध्ये हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली तर बॅटरी फुटून अ‍ॅसिड उडतं. खिडकी उघडी ठेवा, मंगळसूत्र आत घ्या, स्विच बंद. जोडताना लाल वायर आधी, काळी शेवटी. सोडवताना काळी आधी.

स्कूटरची लिथियम बॅटरी वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसईत, घरात चार्जिंगला लावलेली अशी बॅटरी पहाटे फुटली. ७ वर्षांचा मुलगा दगावला. ती लावून झोपू नका.