शेकचा डबा मागवण्याआधी

अगं, तो शेकचा डबा ऑनलाइन मागवायच्या आधी पाच मिनिटं माझ्यापाशी बस. शुगर निघाली म्हटलं की ज्याच्या-त्याच्याकडे उपाय तयार असतो. कारल्याचा रस झाला, मेथीदाणे झाले, आता म्हणे जेवणाऐवजी पावडर प्यायची. तुझं डोकं गरगरणारच. पण खरं सांगू का, या पावडरीच्या गोष्टीत तथ्य आहे. फक्त अटींसकट ऐक.

ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन या डॉक्टरांनी डायरेक्ट नावाचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. टाइप २ डायबेटिस होऊन सहा वर्षं उलटली नव्हती आणि इन्सुलिन सुरू नव्हतं, अशी माणसं घेतली. तीन ते पाच महिने नेहमीचं जेवण पूर्ण बंद. दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी, त्याही शेक आणि सूपमधून. वर्षाअखेरीस त्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के! वजन उतरलं की लिव्हरमधली आणि स्वादुपिंडातली चरबी घटते आणि शरीराचं इन्सुलिन पुन्हा नीट कामाला लागतं. पावडरीत औषध काही नसतं गं. मोजमाप ठरलेलं असतं आणि ‘आता काय खाऊ’ हा घोळ उरत नाही, एवढाच तिचा उपयोग.

आणि हेही ऐकून ठेव. दुसऱ्या वर्षाअखेरीस ४६चे ३६ टक्के झाले. पॅकेटं संपल्यावर वजन उतरलेलं टिकवणं, खरी मेहनत तिथे आहे बघ. म्हणून माझा हट्ट असा, की पॅकेटं संपतील त्या दिवसापासून तुझ्या ताटात काय असणार ते आधी कागदावर लिही. डब्याचं नंतर बघू.

आता गोळ्यांचं. इथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. त्या अभ्यासात डायबेटिसच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. तू ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेत राहिलीस आणि जेवण तोडलंस, तर शुगर धाडकन खाली येईल. हातपाय थरथरले, घाम फुटला की लगेच तपास. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघ. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर इतक्या कमी खाण्याने रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. पण मनाने गोळ्या बंदही करायच्या नाहीत हं! टाइप १ असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर हा विषयच नको.

सगळं जेवण सोडणं झेपणार नाही असं वाटतंय? मग डॉक्टरांना विचारून एकाच वेळचं जेवण बदल. रात्रीचं बदललंस तर उत्तम, कारण आपल्याकडे दिवसभराचं उरलंसुरलं रात्रीच पोटात जातं. मुलांच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, ‘वाया नको’ म्हणत उभ्या उभ्या संपवतेस की नाही? मग असं कर. सगळ्यांना वाढायच्या आधी तुझा शेक पिऊन मोकळी हो. आमटीत मीठ झालंय का ते दुसऱ्या कुणाला बघू दे. उरलेलं थेट डब्यात, डबा फ्रीजमध्ये.

दुकानात गेलीस की डब्याची मागची बाजू वाच, पुढच्या चित्रांवर जाऊ नकोस. जिममधली प्रोटीन पावडर वेगळी आणि मील रिप्लेसमेंट वेगळं. जेवणाच्या जागी घ्यायचं तर त्यात जीवनसत्त्वं, क्षार, फायबर सगळं हवं. घटकांची यादी जास्त वजनाकडून कमीकडे लिहिलेली असते. सुरुवातीलाच साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर डबा परत फळीवर. ‘शुगर फ्री’ छापलेलं असलं तरी माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात साखरच होतं. आणि शेक पाण्यात करायचा की दुधात ते नीट बघ. म्हशीच्या दुधाचा मोठा पेला म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी नुसत्या दुधाच्याच.

पहिला आठवडा जड जातो. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, चिडचिड होईल. पाणी भरपूर पी आणि घरच्यांना आधीच सांगून ठेव. गणपतीच्या किंवा घरच्या लग्नाच्या तोंडावर मात्र सुरू करू नकोस, उगाच स्वतःची परीक्षा कशाला?

जेवणाकडे परतताना एकदम ताट वाढून बसायचं नाही. आधी एका वेळचं जेवण: भाकरी, वाटीभर उसळ, पालेभाजी, ताक. काही दिवसांनी दुसऱ्या वेळचं. दर आठवड्याला वजन बघायचं आणि दोन-तीन किलो चढले की तिथेच लगाम घालायचा.

आणि बघ, इतकं करूनही शुगर पूर्ण सामान्य झाली नाही तर स्वतःला बोल लावू नकोस. वजन उतरलं, एखादी गोळी कमी झाली, तरी तो फायदाच आहे. घर, ऑफिस, मुलांच्या परीक्षा असं सगळं पेलतेस, हेही जमेल तुला. उद्या डॉक्टरांची वेळ घे. चालू असलेल्या गोळ्यांची यादी आणि लेबलाचा फोटो बरोबर ने आणि विचार: ‘मला हे चालेल का, कुठल्या गोळ्या कमी करायच्या, शुगर किती वेळा तपासायची?’ उत्तरं मिळाली की मला फोन कर. पॅकेटांनंतरचं ताट आपण दोघी मिळून ठरवू.