देवघरातली पट्टी आधी का जळाली

12 व्होल्टच्या बॅटरीतून बरोबर 12 व्होल्ट फार थोडा वेळ मिळतात. घरात बॅटरीवरचे दिवे लावणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट खरेदीच्या आधी कळायला हवी. आमच्या घरी ती कळली, तोवर माजघर आणि देवघर दोन्हीकडे अंधार झाला होता.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडचे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. त्यानंतर आम्ही घरावर सोलर पॅनेल चढवली, 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी घेतली आणि घरातला सगळा उजेड तिच्यावर घेतला. दिवे म्हणून तालुक्याच्या दुकानातून एलईडीच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या. रिळावर ठळक लिहिलेलं होतं, 12 व्होल्ट. दुकानदार म्हणाला, थेट जोडा. वायरमननेही तेच सांगितलं, "काका, बॅटरी बाराची, पट्टी बाराची. बिनधास्त जोडा."

संध्याकाळी घर लख्ख उजळलं. पण थोड्याच महिन्यांत देवघरातली पट्टी निळसर दिसायला लागली, मग तिच्यातले दाणे तीन-तीनच्या गटाने विझत गेले. पाठोपाठ माजघराची पट्टी गेली. पडवीतली आणि न्हाणीघरातली मात्र ठणठणीत होती. रीळ तेच, बसवणारा तोच, बॅटरीही तीच. मग हा फरक का?

उत्तर आमच्या घराच्या बांधणीत होतं. कोकणातल्या जुन्या घरात माजघर आणि देवघर भरदुपारीही काळोखे असतात, त्यामुळे तिथले दिवे दिवसा लागतात. आणि दुपारीच बॅटरी चार्ज होत असते. मल्टिमीटर लावून पाहिलं, तर रात्री जेवणं झाल्यावर 12.4 व्होल्ट होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी 14.4. पडवीच्या पट्टीला हे 14.4 कधी बघावेच लागले नव्हते, देवघरातली ते रोज सोसत होती.

पूर्ण भरून निवांत असलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास असते, निम्मी वापरली की 12.2 वर येते आणि 11.8 च्या खाली गेली की जवळपास रिकामी समजायची. चार्ज होताना मात्र ती 14.4 पर्यंत चढते. पाण्याच्या बॅटऱ्यांना अधूनमधून इक्वलायझिंग चार्ज दिला जातो, तेव्हा आकडा 15 च्याही आसपास जातो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापरताना बरीच स्थिर राहते, पण चार्ज होताना तीही 14 च्या वर जाते. म्हणून दिवा 11 ते 15 व्होल्टच्या सगळ्या पट्ट्यात सुखाने चालणारा हवा.

साध्या पट्टीला हे का झेपत नाही, ते पट्टी हातात घेऊन पाहिलं की कळतं. दर तीन दाण्यांमागे एक काळा इवलासा रेझिस्टर असतो. आमच्या पट्टीवर त्याच्या पाठीवर 151 छापलं होतं, म्हणजे 150 ओहम. पांढरा दाणा साधारण 3.1 व्होल्ट घेतो, तिघांचे झाले 9.3. पट्टीला 12 व्होल्ट मिळाले, तर उरलेले 2.7 रेझिस्टरवर पडतात आणि 18 मिलिअँपिअर करंट वाहतो. ठरलेलं गणित तेवढंच. आता तिथे 14.4 द्या. दाणे थोडेसेच जास्त घेतात, बाकी सगळा भार रेझिस्टरवर येतो. करंट 30 मिलिअँपिअरच्या पुढे जातो आणि रेझिस्टरची उष्णता तिप्पट होते. व्होल्टेज वाढलं केवळ पाचव्या हिश्श्याने, करंट मात्र पाऊणपट वाढला. दाण्यांचं आयुष्य ही उष्णता खाते. उजेड थोडा वाढलेला दिसतो, म्हणून त्या वेळी कोणाला शंकाही येत नाही.

यावर खरा उपाय म्हणजे आत कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर असलेला दिवा. व्होल्टेज कितीही हललं तरी हा ड्रायव्हर दाण्यांना करंट तेवढाच देतो. अशा दिव्यावर 10-30 व्होल्ट किंवा 9-32 व्होल्ट असा पट्टा लिहिलेला असतो. नुसतं 12 व्होल्ट लिहिलेलं असेल, तर दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, घरी तपासा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून दिव्याच्या एका वायरीत जोडा आणि करंट दोनदा मोजा, एकदा रात्री, एकदा दुपारी चार्जिंग जोरात असताना. दुपारी करंट बराच वाढला, तर आत फक्त रेझिस्टर आहे. उलट थोडा कमी झाला, तर ड्रायव्हर आहे आणि तो चांगला आहे. कारण बॅटरीकडून तो वॅट तेवढेच घेतो: 5 वॅटचा असा दिवा 12 व्होल्टला 0.42 अँपिअर घेतो, 14.4 ला 0.35. ही परीक्षा एका दिव्यावर करा आणि मगच बाकीचे आणा. पट्ट्या आधीच घेतल्या असतील तर फेकू नका. व्होल्टेज चढवणारा आणि उतरवणारा, असा दुहेरी 12 व्होल्टचा रेग्युलेटर मध्ये बसवा. फक्त उतरवणारा उपयोगाचा नाही, कारण बॅटरी उतरत गेली की तीच 12 च्या खाली येते.

ड्रायव्हरमध्येही हलका माल असतो. ओटीवरच्या एका दिव्याने आईचा रेडिओ पार बिघडवला. दिवा लावला की मीडियम वेव्हवर आकाशवाणीऐवजी नुसती खरखर. दिवा बदलल्यावर बातम्या पुन्हा स्वच्छ ऐकू आल्या. ज्या घरात रेडिओ ऐकला जातो, तिथे दिवा पसंत करताना रेडिओ जवळ ठेवून बघा.

पुष्कळ जण विचारतात, एवढं करण्यापेक्षा इन्व्हर्टर लावून नेहमीचे 9 वॅटचे बल्ब का नाही वापरायचे? जरूर वापरा, बॅटरी मोठी असेल तर. पण इन्व्हर्टर रिकामा असतानाही 10-15 वॅट सहज खातो. चोवीस तास चालू ठेवला, तर दिवसाला 360 वॅट-अवरपर्यंत. आमचे पाच वॅटचे पाच दिवे रोज पाच तास लागतात, त्याचे होतात 125. पडवीत रात्रभर तीन वॅटचा दिवा असतो, त्याचे आणखी 30. सगळ्या घराच्या उजेडाच्या दुपटीहून अधिक वीज नुसत्या जाग्या इन्व्हर्टरने खायची, हे पावसाळ्यात परवडत नाही. बॅटरी निम्म्याखाली न्यायची नाही असं धरलं, तर आमच्याकडे साधारण 900 वॅट-अवर वापरायला असतात. थेट बॅटरीवरच्या दिव्यांमुळे सूर्य न दिसलेले चार-पाच दिवस निघतात. इन्व्हर्टर आम्ही मिक्सरपुरता सुरू करतो आणि लगेच बंद करतो.

वायरीचं दुखणं मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. 25 वॅटला 230 व्होल्टवर जेमतेम एक दशांश अँपिअर करंट लागतो, 12 व्होल्टवर दोन अँपिअर. घरातल्या नेहमीच्या एक एमएमच्या वायरीने हे दोन अँपिअर 15 मीटर लांब गोठ्यापर्यंत नेले, तर जाऊन-येऊन वाटेतच एक व्होल्टहून जास्त गळतो. बॅटरीजवळ 12.2 आणि गोठ्यात 11.1. अडीचची वायर टाकली, की ही गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. लांबच्या दिव्यासाठी अडीचची किंवा चारची वायर घ्याच, आणि बॅटरी घराच्या एका टोकाला न ठेवता मधोमध कुठेतरी, हवेशीर जागी ठेवा. पॅनेलवर होणारा खर्च सगळे मोजतात, वायरीत मात्र हात आखडतात. हे चुकीचं आहे.

उजेड किती हवा, यापेक्षा कुठे हवा हे आधी ठरवा. कौलारू घराला खालून छत नसतं. वासे, रिपा, धुराने काळवंडलेली कौलं यांत वर टांगलेल्या दिव्याचा उजेड मुरून जातो. दिवा निम्म्या अंतरावर आणला, की त्याच जागी चौपट उजेड पडतो. म्हणून ओट्यावर फळीखाली तीन वॅट, वाचायच्या जागी डोक्यामागे तीन वॅट पुरतात. दुकानात बहुतेक 6500 केल्व्हिनचा पांढराफटक माल पुढे करतात. 2700 ते 3000 केल्व्हिनचा पिवळसर मागून घ्या. निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, आणि पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं ताटात पडण्याचा त्रास कोकणातल्या माणसाला वेगळा सांगायला नको.

घरात महावितरणचीही लाइन असेल, तर दोन्ही लाइनींचे होल्डर एकसारखे ठेवू नका. 12 व्होल्टचे बल्बही नेहमीच्या होल्डरचेच मिळतात. तसा बल्ब पाहुण्याने किंवा मुलाने 230 व्होल्टच्या होल्डरमध्ये लावला, तर तो हातात फुटू शकतो.

आणि फ्यूज. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पण दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर एवढी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायर लालभडक होते आणि वरती लाकडी वासे असतात. गाडीत वापरतात तो दहा अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसतो, आणि दिव्यांची वायर दीड एमएमच्या वर असेल तर तो पुरतो. दिवे कोणतेही निवडा, पण हा फ्यूज बसल्याशिवाय बॅटरीला वायर जोडू देऊ नका, वायरमन कितीही घाईत असला तरी.